घर कोणाच्या नावावर? शिकागोतील कृष्णवर्णीय समाज आणि त्याचे चित्रकार

शिकागोच्या दक्षिण भागात साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर ३८३१ क्रमांकाचे एक प्रशस्त जुने घर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते एका श्रीमंत गोऱ्या धान्य व्यापाऱ्यासाठी बांधले गेले होते. पुढे वस्ती बदलली, गोरे रहिवासी निघून गेले, आणि १९४० साली परिसरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतले. तेव्हापासून तिथे साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर चालू आहे. मुख्य दालनाच्या भिंती उभ्या लाकडी फळ्यांनी मढवलेल्या आहेत आणि जवळ जाऊन पाहिले तर त्या फळ्या खिळ्यांच्या भोकांनी भरून गेलेल्या दिसतात. प्रत्येक प्रदर्शनाच्या वेळी खिळे ठोकले गेले, चित्रे उतरल्यावर ते काढले गेले, आणि भोके बुजवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांच्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतींवर जी नावे आज सन्मानाने झळकतात, त्यांतल्या कित्येकांची सुरुवातीची चित्रे या भोकांच्या आधाराने टांगली गेली होती.

कलावंतांसाठी समाजाने काय करावे, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच पैशाकडे वळते. सरकारने अनुदान द्यावे, की धनिकांनी देणग्या द्याव्यात, की कलावंताने बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढ्याच तीन वाटांमध्ये वाद घोळत राहतो. शिकागोच्या कृष्णवर्णीय समाजाचा अनुभव पाहिला तर या चर्चेतून एक मूलभूत गोष्ट सुटते आहे असे मला वाटते. पैसा कुठून आला यापेक्षा कलेचे घर कोणाच्या नावावर होते, हा प्रश्न दीर्घकाळात अधिक निर्णायक ठरला. ज्या समाजाला आपले चित्रकार घडवायचे आणि टिकवायचे आहेत, त्याने सरकारी मदत जरूर घ्यावी, किंबहुना हक्काने मागावी, परंतु छप्पर मात्र स्वतःच्या मालकीचे ठेवावे, असे माझे म्हणणे आहे.

हा समाज शिकागोत आला तो दक्षिणेकडील राज्यांतल्या कापसाच्या शेतांतून, वांशिक हिंसेपासून जीव वाचवत आणि कारखान्यांतल्या मजुरीच्या आशेने. १९१० साली शहरात सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९३० पर्यंत ही संख्या सुमारे २ लाख ३४ हजारांवर गेली. मात्र त्यांना राहण्यासाठी मोकळी असलेली जागा त्या प्रमाणात वाढली नाही. घरमालक आपापसांत करार करून कृष्णवर्णीयांना घर विकण्यास वा भाड्याने देण्यास बंदी घालत, आणि न्यायालये १९४८ पर्यंत अशा करारांची अंमलबजावणी करून देत. परिणामी दक्षिण भागातल्या एका लांबट, अरुंद पट्ट्यात लाखो माणसे दाटीवाटीने राहू लागली. एकेका मोठ्या घराच्या लहान लहान खोल्या करून त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे कोंबली गेली. त्या पट्ट्याला रहिवाशांनी स्वतः अभिमानाने ब्रॉन्झव्हिल हे नाव दिले. तिथे त्यांची स्वतःची वर्तमानपत्रे होती, बँका होत्या, विमा कंपन्या होत्या, चर्च होती, महिला मंडळे होती, नाचगाण्याची सभागृहे होती. कोंडमाऱ्यामुळेच ही भरभराट झाली, असे कधी कधी मोठ्या कौतुकाने लिहिले जाते. मला ते मान्य नाही. कोंडमाऱ्याने माणसे मारली आणि रोगराई पसरवली. जे उभे राहिले ते माणसांनी कोंडमाऱ्याला न जुमानता उभे केले, आणि त्याचे श्रेय अन्यायाच्या पदरात टाकण्याचे काही कारण नाही.

चित्रकलेच्या बाबतीत शिकागोची स्थिती काही अंशी वेगळी होती. शहरातील आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत असे, जो त्या काळी देशातल्या अनेक शाळांत मिळत नव्हता. आर्चिबाल्ड मॉट्ली तिथून १९१८ साली शिकून बाहेर पडले आणि ब्रॉन्झव्हिलच्या रात्रींचे झगझगीत, जांभळट प्रकाशात न्हालेले चित्रण करून त्यांनी नाव मिळवले. परंतु प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आणि फी भरता येणे, वर्ग संपल्यावर काम करायला जागा असणे, चित्र पूर्ण झाल्यावर ते टांगायला भिंत असणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शहराच्या मध्यभागी असलेली व्यापारी कलादालने कृष्णवर्णीय चित्रकाराला सहसा दारात उभे करीत नसत.

या अडचणीवर पहिला उपाय शोधला तो तरुण चित्रकारांनीच. १९३० च्या दशकात जॉर्ज नील नावाचा एक शिक्षक-चित्रकार दक्षिण भागात वर्ग घेत असे, आणि त्याच्याभोवती आर्ट क्राफ्ट्स गिल्ड नावाचे मंडळ जमले. मंडळातली मुले पार्ट्या आयोजित करून पैसे जमवीत, त्या पैशातून कोणा एकाला आर्ट इन्स्टिट्यूटच्या वर्गाला पाठवीत, आणि तो परत आला की जे शिकला ते त्याने बाकीच्यांना शिकवायचे, असा त्यांचा रिवाज होता. एका माणसाच्या फीमध्ये सगळे मंडळ शिकत असे. नील १९३८ साली अकाली वारला, आणि आज कलेच्या इतिहासात त्याच्या नावाला फारशी जागा नाही; पण त्याच्या हाताखालून गेलेली नावे पाहिली म्हणजे त्याचे मोल कळते. चार्ल्स व्हाइट, मार्गारेट बरोज, एल्डझिअर कॉर्टर हे सगळे या वर्तुळातले होते.

यांतल्या चार्ल्स व्हाइट यांची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९१८ साली जन्मलेल्या या मुलाची आई लोकांच्या घरी कामाला जात असे, आणि मुलाला सांभाळायला कोणी नसल्यामुळे ती त्याला शहराच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयात सोडून जाई. तिथे त्याला पुस्तकांची आणि चित्रांची गोडी लागली. पुढे दोन कलाशाळांनी त्याला शिष्यवृत्ती दिली, आणि तो कृष्णवर्णीय आहे हे समजताच दोघांनीही ती काढून घेतली. तिसरी शिष्यवृत्ती आर्ट इन्स्टिट्यूटची मिळाली आणि टिकली. या तपशिलात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे मोलकरणीच्या मुलाला कोणी हाकलून न देता दिवसभर बसू देणारे सार्वजनिक ग्रंथालय, आणि दुसरी म्हणजे शिष्यवृत्त्या हिरावल्या गेल्यावरही त्याचा हात थांबू न देणारे त्याचे मंडळ. प्रतिभा तर होतीच. पण या दोहोंतले एक जरी नसते तरी ती कारखान्याच्या एखाद्या पाळीत विरून गेली असती.

आता सरकारी मदतीकडे येऊ. महामंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी मोठी योजना राबवली, तिचा एक भाग कलावंतांसाठी होता. त्या योजनेतून देशभर शंभराहून अधिक सामुदायिक कलाकेंद्रे उघडली गेली. नियम साधा होता: शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार व जागेच्या दुरुस्तीचा खर्च सरकार देईल, परंतु जागा आणि रोजचा खर्च स्थानिक लोकांनी उभा करावा. शिकागोच्या दक्षिण भागात हा प्रस्ताव आला तेव्हा मंदीने पिचलेल्या त्या समाजापुढे दोन पर्याय होते. कुठल्या तरी चर्चच्या तळघरात किंवा भाड्याच्या दुकानात केंद्र उघडता आले असते. त्यांनी घर विकत घ्यायचे ठरवले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

पैसे जमवण्यासाठी त्यांनी दहा सेंटच्या नाण्यांची मोहीम काढली. एकाला एक लावून ठेवली तर मैलभर लांब रांग होईल इतकी नाणी जमवायची, असा तिचा संकल्प होता. मार्गारेट बरोज त्या वेळी विशीतली तरुणी होती, आणि ती हातात डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडून नाणी मागत असे. दुसरीकडे महिला मंडळांनी आणि व्यावसायिकांनी चित्रकार-मॉडेलांचा एक वार्षिक नृत्यसमारंभ सुरू केला. १९३९ सालच्या पहिल्या समारंभासाठी चार्ल्स व्हाइट यांनी एक भव्य भित्तिचित्र रंगवले. त्यात कोणाला रंगवायचे हे शिकागो डिफेंडर या वर्तमानपत्राच्या वाचकांनी मतदानाने ठरवले होते: सोजर्नर ट्रूथ, फ्रेडरिक डग्लस, बुकर टी. वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि गायिका मॅरियन अँडरसन. एकवीस वर्षांच्या चित्रकाराला त्याच्या समाजाने विषय दिला, निमित्त दिले आणि प्रेक्षक दिले. मांडणी त्याची, रेषा त्याची, त्या चेहऱ्यांवरचे ओझे आणि निर्धार दाखवण्याची हिंमतही त्याची.

डिसेंबर १९४० मध्ये केंद्राची दारे उघडली आणि मे १९४१ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते रीतसर उद्घाटन झाले. इथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. त्या समारंभाच्या तयारीत पुढे पुढे होते ते समाजातील प्रतिष्ठित लोक, डॉक्टर, वकील, व्यावसायिक आणि त्यांच्या पत्नी; चित्रकार मात्र स्वतःच्याच केंद्रात कडेला पडल्यासारखे झाले होते. त्यांनी याबद्दल आपली भूमिका लेखी मांडली. आम्ही झोपडपट्ट्या आणि खोल गेलेल्या डोळ्यांची माणसे कल्पनेने रंगवत नाही, ती आमच्या आसपासची माणसे आहेत आणि आम्ही त्यांच्यातलेच आहोत. हे केंद्र आम्हाला हौसेसाठी नको आहे, काम करायला, चित्रे मांडायला आणि जगायला जागा म्हणून हवे आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. म्हणजे 'समाजाने कलावंतांना वाढवले' हे वाक्य जितके सरळ दिसते तितके ते नाही. समाजात वर्ग होते, त्यांच्या अपेक्षा वेगवेगळ्या होत्या, आणि पोशाखी समारंभ करणाऱ्या बाया व रिकाम्या पोटी रंग कालवणारी पोरे यांच्यात रुसवेफुगवे होते. तरीही दोघांना एकमेकांची गरज होती, आणि एकाच घराच्या मालकीमुळे ती दोघे एकमेकांना सोडून जाऊ शकली नाहीत.

त्या घराने पहिल्या काही वर्षांत जे दिले ते थक्क करणारे आहे. गॉर्डन पार्क्स हा स्वतःच छायाचित्रण शिकलेला तरुण तिथल्या अंधाऱ्या खोलीत आपल्या फिल्म धूत असे. दक्षिण भागाच्या त्या छायाचित्रांच्या बळावर त्याला रोझेनवॉल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४२ साली तो वॉशिंग्टनला गेला. एलिझाबेथ कॅटलेट ही शिल्पकार १९४१ च्या सुमारास शिकागोत येऊन याच वर्तुळात मिसळली. मुले शनिवारी चित्रे काढायला येत, प्रौढ कामगार संध्याकाळी येत, आणि एका खोलीत कवी जमत, ज्यांत ग्वेंडोलिन ब्रूक्स होत्या. चित्रकार, कवी, छायाचित्रकार आणि शिवणकाम शिकायला आलेली शेजारीण एकाच जिन्यावरून वर-खाली करीत, हे या जागेचे वैशिष्ट्य होते. नुसत्या कलाशाळेला हे साधत नाही आणि नुसत्या संग्रहालयाला तर मुळीच नाही.

मग १९४३ साली सरकारी योजना बंद झाली. युद्ध सुरू होते, पगार थांबले, आणि देशभरातली बहुतेक कलाकेंद्रे एकामागून एक बंद पडली. शिकागोचे केंद्र मात्र बंद पडले नाही, आणि याचे कारण भावनिक नाही, व्यावहारिक आहे. घरभाडे भरायचे नव्हते, कोणी मालक नोटीस देणार नव्हता. दिवाबत्तीचा आणि कोळशाचा खर्च महिला मंडळांनी चहापान, जेवणावळी आणि त्या वार्षिक नृत्यसमारंभातून काढला. मधली दोन-तीन दशके केंद्र कसेबसे तगून होते; साम्यवादाच्या संशयाच्या काळात डाव्या विचारांच्या चित्रकारांना तिथेही परकेपणा भोगावा लागला, आणि स्वतः मार्गारेट बरोज यांनाही केंद्राच्या कारभारापासून दूर राहावे लागले. पण दार उघडे राहिले. १९९४ साली शिकागो शहराने त्या वास्तूला वारसा दर्जा दिला. आज त्या सरकारी योजनेची आठवण सांगणारी जी अगदी मोजकी केंद्रे तग धरून आहेत, त्यांत हे एक आहे. अनुदान सुमारे तीन वर्षे टिकले. घर आठ दशकांहून अधिक काळ टिकले आहे.

मार्गारेट बरोज यांनी हा धडा दुसऱ्यांदा गिरवला. त्या माध्यमिक शाळेत कला शिकवत आणि लिनोलियमवर कोरून ठसे काढत. ठशाच्या अनेक प्रती निघतात, त्यामुळे सामान्य माणसालाही तो विकत घेता येतो, हा त्यामागचा त्यांचा विचार होता. १९६१ साली त्यांनी आणि त्यांचे पती चार्ल्स बरोज यांनी स्वतःच्या राहत्या घरात, कलाकेंद्राच्या जवळजवळ समोरच, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे आणि कलेचे एक संग्रहालय उघडले. ते घर आधी रेल्वेत राबणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या क्लबचे होते. बैठकीच्या खोलीत वस्तू मांडलेल्या असत आणि शाळांच्या सहली तिथेच येत. हेच पुढे ड्यू सेबल संग्रहालय झाले आणि १९७३ साली वॉशिंग्टन पार्कमधल्या मोठ्या इमारतीत गेले. एका शिक्षिकेच्या पगारावर आणि तिच्या चिकाटीवर उभे राहिलेले हे काम पाहिले की संस्था उभारायला आधी मोठे भांडवल लागते या समजुतीचा पुनर्विचार करावासा वाटतो.

माझ्या प्रतिपादनाविरुद्ध सर्वांत बळकट पुरावाही याच शहरात, याच वस्तीत आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६७ सालच्या ऑगस्टमध्ये ४३ वा रस्ता आणि लँगली यांच्या कोपऱ्यावरच्या एका पडक्या दुमजली इमारतीच्या भिंतीवर विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स, कॅरोलिन लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी चित्रकार व छायाचित्रकार यांनी मिळून 'आदराची भिंत' रंगवली. मॅल्कम एक्स, मुहम्मद अली, विचारवंत डू बॉइस, गायिका नीना सिमोन, ग्वेंडोलिन ब्रूक्स अशा कृष्णवर्णीय नायक-नायिकांची चित्रे तिच्यावर होती. चित्रकारांनी सह्या केल्या नाहीत. इमारत त्यांच्या मालकीची नव्हती; संमती घेतली ती तिथल्या दुकानदारांची आणि रहिवाशांची. काम चालू असताना लोक भोवती जमत, मते देत, संगीत आणि कविता होत, आणि रात्री वस्तीतलीच माणसे भिंतीवर लक्ष ठेवत. त्याच महिन्यात शहराच्या मध्यभागी पिकासोच्या महाकाय पोलादी शिल्पाचे महापौरांच्या हस्ते अनावरण झाले होते. ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी दोन्ही ठिकाणी कविता वाचल्या. पिकासोचे शिल्प आजही तिथे उभे आहे. आदराची भिंत मात्र १९७१ च्या आगीनंतर इमारतीसकट पाडण्यात आली.

यावर कोणी म्हणेल की, भिंत कोणाच्या नावावर नव्हती म्हणूनच ती शक्य झाली, आणि तिने तिच्या अल्पशा आयुष्यात जे केले ते ऐंशी वर्षांच्या केंद्रानेही केले नाही. डेट्रॉईटपासून अनेक शहरांत तिच्यापासून स्फूर्ती घेऊन भित्तिचित्रे उभी राहिली. अमेरिकेतील सामुदायिक भित्तिचित्रांच्या चळवळीचा उगमच तिच्यात मानला जातो. हे सारे खरे आहे. मात्र ती भिंत रंगवणारे हात घडले कुठे, याचाही विचार करावा लागतो. कलेने आपल्या माणसांशी बोलावे, चित्रकाराने वस्तीला उत्तरदायी असावे, ही धारणा शिकागोच्या दक्षिण भागात १९६७ साली अचानक उगवली नाही. ती नीलच्या वर्गापासून, केंद्राच्या लाकडी भिंतींपासून, बरोजबाईंच्या शाळेपासून रुजत आली होती. भिंत हे त्या झाडाचे फळ होते, आणि फळ गळून पडले तरी चालते ते झाड शाबूत असेल तर.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. समाज जेव्हा पोशिंदा होतो तेव्हा तो मालकही होऊ पाहतो, आणि चित्रकाराच्या हातावर नियंत्रण आणतो, असे म्हटले जाते. आदराच्या भिंतीवरच याचे दुखरे उदाहरण आहे. राजकीय नेत्यांचा भाग नॉर्मन पॅरिश या चित्रकाराने रंगवला होता; काही महिन्यांतच तो त्याच्या संमतीवाचून पांढऱ्या रंगाने पुसून दुसऱ्या चित्रकाराकडून पुन्हा रंगवून घेण्यात आला, आणि त्यावरून गटात कायमची फूट पडली. पॅरिशवर अन्याय झाला यात मला शंका नाही. सामूहिकतेच्या नावाखाली एकाच्या कामावर दुसऱ्याने रंग फासणे कुठल्याही विचारसरणीत समर्थनीय ठरत नाही. पण या उदाहरणावरून समाजाचा आश्रय बाजाराच्या किंवा सरकारच्या आश्रयापेक्षा जाचक असतो, असा निष्कर्ष निघत नाही. बाजाराने त्याच काळात कृष्णवर्णीय चित्रकारांची अख्खी पिढीच पुसून टाकली होती, फक्त त्यासाठी पांढऱ्या रंगाचा डबा लागला नाही. वस्तीतल्या मंडळाशी निदान समोरासमोर भांडता येते. १९४१ मधले निवेदन लिहिणारे चित्रकार भांडले, आणि त्यानंतरही त्याच दालनात त्यांची चित्रे लागली.

भिंत रंगवणाऱ्यांतल्या काहींनी १९६८ साली आफ्रिकोब्रा हा गट स्थापन केला. जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ व जे जॅरेल हे दांपत्य, बार्बरा जोन्स-होगू आणि जेराल्ड विल्यम्स हे त्याचे संस्थापक. भडक, चमकदार रंग, चित्रातच गुंफलेली अक्षरे आणि स्वाभिमानाचा उघड संदेश ही त्यांची शैली. त्यांनी मूळ चित्रांवरून पडद्याच्या छपाईने (स्क्रीन प्रिंटिंगने) प्रती काढल्या आणि स्वस्तात विकल्या, जेणेकरून ती चित्रे कामगारांच्या घरांत लागावीत. समाजाने कलेचे घर विकत घेतले होते, आता कला समाजाच्या घरात जाऊ लागली, आणि ही दोन्ही कामे एकाच विचाराची आहेत.

शिकागोने घडवलेले बरेच जण शिकागोत राहिले नाहीत, ही तक्रारही ऐकू येते. पार्क्स गेले, कॅटलेट गेल्या, व्हाइट न्यूयॉर्कला आणि मग लॉस एंजेलिसला गेले. परंतु व्हाइट तिथल्या कलाशाळेत शिकवू लागले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत केरी जेम्स मार्शल नावाचा एक मुलगा होता, जो १९८७ साली शिकागोत येऊन ब्रॉन्झव्हिलमध्ये स्थायिक झाला आणि आज जगातल्या अग्रगण्य चित्रकारांत गणला जातो. नीलच्या वर्गातून निघालेला धागा अर्धा देश फिरून त्याच वस्तीत परत आला. मार्शल यांनी २०१७ साली शहराच्या सांस्कृतिक केंद्राच्या भिंतीसाठी एक भव्य चित्र दिले आणि त्यासाठी मानधन घेतले अवघा एक डॉलर. ती इमारत म्हणजे तेच जुने मध्यवर्ती ग्रंथालय, जिथे चार्ल्स व्हाइट यांना त्यांची आई सोडून जात असे.

याच मार्शल यांच्या बाबतीत मालकीचा प्रश्न अगदी उघडावाघडा होऊन समोर आला. त्यांचे एक मोठे चित्र शहरातील प्रदर्शन-संकुल चालवणाऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाने १९९७ साली २५ हजार डॉलरना घेतले होते. २०१८ च्या मे महिन्यात ते लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरना विकले गेले. काही महिन्यांनी महापालिकेने पश्चिम भागातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयातले त्यांचे दुसरे चित्र विकायचे ठरवले. हे चित्र त्यांनी १९९५ साली १० हजार डॉलर मानधनावर खास त्या ग्रंथालयासाठी केले होते, आणि पुस्तकांच्या अद्भुत जगाकडे पाहत उभी असलेली कृष्णवर्णीय मुले त्यात रंगवली होती. विक्रीतून ग्रंथालयांचाच विस्तार करू, असे शहराचे म्हणणे होते. मार्शल यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, लोक चिडले, आणि महापौरांना विक्री मागे घ्यावी लागली. सरकार वाईट हेतूने वागले असे मी म्हणत नाही. पण सरकारच्या वहीत चित्र ही एक मालमत्ता असते, आणि मालमत्तेचा भाव वाढला की ती विकण्याचा विचार कोणत्या तरी टेबलावर येतोच. वस्तीच्या नजरेत ते चित्र म्हणजे आपल्या पोरांना दिलेला शब्द होता. दोघांच्या हिशेबात हे अंतर कायम राहणार, म्हणूनच शब्द कोणाच्या कपाटात ठेवायचा याचा विचार आधी करायला हवा.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटायचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामीची प्रथा नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. आपल्याकडे दलित साहित्याला जे बळ मिळाले त्यामागेही मालकीची संस्था होती. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या संस्थेचे होते, आणि त्याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जी पुस्तके, कॅलेंडरे आणि चित्रे विकली जातात, त्यांना वाचक आणि प्रेक्षक समाजानेच दिला आहे. मात्र लेखकाला हा समाज जसे मासिक, संमेलन आणि ग्रंथालय देऊ शकला, तसे चित्रकाराला काम करायची खोली आणि चित्र टांगायची भिंत तो अजून पुरेशी देऊ शकलेला नाही. ही उणीव प्रतिभेची नाही.

शिकागोत सध्या जो प्रयोग सर्वाधिक गाजतो आहे तो थिएस्टर गेट्स या कलावंताचा. दक्षिण भागातली एक मोडकळीस आलेली बँकेची इमारत त्यांनी महापालिकेकडून एका डॉलरला घेतली, तिच्यातल्या संगमरवराचे तुकडे रोख्यांसारखे कोरून प्रत्येकी ५ हजार डॉलरना विकले, आणि त्या पैशाची भर घालून २०१५ साली तिथे कलादालन, ग्रंथसंग्रह आणि अभिलेखागार उघडले. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पडक्या इमारती पाडण्याऐवजी नाममात्र किमतीला हस्तांतरित करण्याचा पायंडा तर इतर शहरांनीही उचलावा असा आहे. परंतु ही सगळी उभारणी एका विलक्षण कर्तबगार कलावंताच्या नावाभोवती आणि त्याच्या प्रतिष्ठानाभोवती झालेली आहे, आणि जगाच्या कलाबाजारात त्याच्या नावाला किंमत नसती तर संगमरवराच्या त्या तुकड्यांना कोणी विचारले नसते. गेट्स यांच्यासारखा माणूस प्रत्येक वस्तीला मिळणार नाही. महिला मंडळे, शाळाशिक्षक आणि डबा घेऊन कोपऱ्यावर उभी राहणारी तरुण पोरे मात्र जवळजवळ प्रत्येक वस्तीत असतात. म्हणून महापालिकांनी अशा इमारती देताना त्या रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे कराव्यात, त्या संस्थेच्या विश्वस्तांत चित्रकारांना निम्म्या जागा ठेवाव्यात, पगाराचा भार सुरुवातीची काही वर्षे सार्वजनिक निधीने उचलावा, आणि खरेदीखतात अशी अट घालावी की ती वास्तू व तिच्यातला संग्रह वस्तीच्या संमतीवाचून कोणालाही विकता येणार नाही.